उभ्या गाडीचं ऑइल

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन ऑइल कधी बदलावं? मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस पडायच्या आत. कोणतं टाकावं? इंजिन धडधाकट असेल तर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. ते ऑइल खाऊ लागलं असेल तर २०डब्ल्यू-५०. एवढ्यावर काम भागत असेल तर वाचकाने पान उलटून पुढच्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही. पण जुनी गाडी बाळगणाऱ्याचं एवढ्यावर सहसा भागत नाही. त्याला कोणीतरी ‘चाळीस नंबर टाक’ असं सांगितलेलं असतं, दुसऱ्याने ‘सिंथेटिकशिवाय दुसरं काही टाकू नकोस’ असं बजावलेलं असतं, आणि गाडीसोबत आलेल्या जुन्या पुस्तिकेत तिसरंच काही छापलेलं असतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र त्यांची गाडी, त्यांचं पेट्रोल आणि त्यांचा रस्ता वेगळा असतो.

आपण बोलतोय ते छत्रपती संभाजीनगरातल्या पद्मिनीबद्दल. शहर तसं गाड्या बनवणाऱ्यांचं. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होतात. पण ज्या जुन्या मोटारीला घरातली माणसं अजून ‘आपली फियाट’ म्हणतात, ती आली मुंबईच्या कुर्ल्याहून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे फियाटच्या परवान्यावर तिने ११०० हे मॉडेल बनवलं. १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. बॉनेटखालचं यंत्र जवळजवळ तेच राहिलं: १०८९ सीसी, चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, पोटात एका बाजूला कॅमशाफ्ट आणि तिथून वर व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड. क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगांवर फिरतो. यात गुंतागुंतीचं काहीच नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

हेच इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत होतं. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीचं इंजिन सकाळी तापायचं ते रात्रीपर्यंत थंड व्हायचं नाही. एका टाकलेल्या ऑइलवर ती काही हजार किलोमीटर धावायची आणि त्या ऑइलला फारसं काही होत नसे. बंगल्याच्या पोर्चमधली पद्मिनी महिन्याला चाळीस किलोमीटर चालते आणि तिच्या ऑइलचं मात्र वर्षभरात वाटोळं होतं. टॅक्सीवाल्याचा आकडा पोर्चमधल्या गाडीला लावणं ही या विषयातली सगळ्यात मोठी गफलत.

आता तर कायदाच जुन्या गाडीला उभं करतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. नोंदणीची फी २० हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कामांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. ‘डिलाइट’ या वयात केव्हाच बसली, पहिल्या पद्मिनीही आता बसू लागल्या. नियम योग्य असेल, पण इंजिनाच्या पोटातल्या ऑइलच्या दृष्टीने तो वनवास आहे.

ते का, हे समजण्यासाठी ऑइल आत काय करतं हे आधी बघू. ‘घर्षण कमी करतं’ हे शाळेतलं उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. १८८३ साली लंडनमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडलेला, वर पितळी बेअरिंग दाबून बसवलेलं. तेल घालायला सोय व्हावी म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर उसळून बाहेर आलं. त्याने भोक बुचाने बंद केलं, मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे दाब मोजायचा गेज बसवला, आणि बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीच्याही वर दाब दिसला. तीन वर्षांनी ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून अरुंद फटीत कोंबतो आणि त्या तेलाच्या दाबावर स्वतः तरंगतो. म्हणजे चालू इंजिनाच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला लागतच नाही. पद्मिनीच्या क्रँक आणि बेअरिंगमधली फट डोक्यावरच्या केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून थोडी कमी असते, आणि सगळा भार त्या फटीतल्या ऑइलवर असतो.

या तरंगण्याला दोन गोष्टी लागतात: वेग आणि दाटपणा. वेग कमी पडला, म्हणजे इंजिन सुरू करताना, की आस खाली टेकतो. दाटपणा कमी पडला, म्हणजे ऑइल फार पातळ झालं, तरी तेच होतं. उलट ऑइल फार दाट असेल तर पंपाला ते ओढता येत नाही, वरच्या रॉकरपर्यंत ते उशिरा पोचतं, आणि ते ढवळण्यातच इंजिनाची थोडी ताकद खर्च होते. दाटपणाचा मेळ घालणं हीच ऑइल निवडण्याची सगळी कला. डब्यावरचे आकडे त्यासाठीच छापलेले असतात.

या आकड्यांची मूळ पद्धत अमेरिकेतल्या एसएई संस्थेने १९११ साली घातली. ‘२०डब्ल्यू-५०’ मधला मागचा आकडा १०० अंश सेल्सियसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. ‘४०’ म्हणजे त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ‘५०’ म्हणजे १६.३ ते २१.९. पुढचा, डब्ल्यूवाला आकडा हिवाळ्याचा: कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरवता येईल की नाही, एवढंच तो सांगतो. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा शेकोट्या पेटतात. उणे पंधराची परीक्षा पास झालेल्या ऑइलला त्या थंडीचं काय कौतुक! जाहिरातीतल्या शून्य आणि पाच आकड्यांसाठी इथे जादा पैसे मोजायचं कारण नाही.

आणखी एक गंमत आकड्यात दडलेली आहे. साधं २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंशांना, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेइतक्या तापमानाला, साधारण १६० सेंटिस्टोकच्या घरात असतं आणि १०० अंशांना १८ च्या आसपास. इंजिन तापेपर्यंत त्याचा दाटपणा आठ-नऊ पटींनी उतरतो. हा उतार कमी व्हावा म्हणून मल्टिग्रेड ऑइलात लांब साखळ्यांची पॉलिमर घालतात. पुढचा आणि मागचा आकडा एकमेकांपासून जितके लांब, तितकं हे पॉलिमर सहसा जास्त. आणि ते गिअर, चेन, बेअरिंग यांत चिरडून हळूहळू तुटतं. २०डब्ल्यू-४० मध्ये त्याची गरज सगळ्यात कमी. जुन्या मिस्त्र्यांच्या ‘चाळीस नंबर’ या हट्टात तथ्य होतं ते हे.

मग ‘५०’ कुणासाठी? ज्या इंजिनाचे बोअर आणि बेअरिंग झिजलेत, फट वाढली आहे, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर घसरतं आणि लाल दिवा सिग्नलला लुकलुकतो, त्यांच्यासाठी. मोठ्या फटीत दाट ऑइल अधिक टिकून राहतं. मेमध्ये वेरूळहून येताना दौलताबादच्या दरवाज्यातल्या कोंडीत अडकलेली पद्मिनी ऑइलला चांगलीच तापवते, तेव्हाही ‘५०’ चा आधार वाटतो. पण हे औषध नाही. धूर मारणाऱ्या इंजिनात दाट ऑइल टाकून काम पुढे ढकलता येतं, टाळता येत नाही. आणि नव्याने बोअर मारून, रिंगा बसवून घेतलेल्या इंजिनात फट पुन्हा घट्ट झालेली असते. तिथे ‘५०’ टाकणं म्हणजे खर्च करून मिळवलेल्या गोष्टीची किंमत न ठेवणं. लाल दिव्यावरही फार विसंबू नये. दाब अगदीच तळाला गेल्याशिवाय तो पेटत नाही. शंभर-दोनशे किलोमीटरच्या सहलीची हौस असेल तर साधा मेकॅनिकल प्रेशर गेज बसवून घ्यावा. मग ‘४०’ की ‘५०’ हा वाद काटा मिटवतो.

आता झिंकची धास्ती. जुन्या गाड्यांच्या जगात हिच्याइतकी गाजलेली धास्ती दुसरी नसेल. पद्मिनी, अँबेसेडर यांसारख्या इंजिनांत कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो. त्या जागी दाब इतका असतो की टॉवरच्या प्रयोगातलं तरंगणं पुरेसं होत नाही. धातू धातूला भिडतो. तिथे वाचवतं ते झेडडीडीपी नावाचं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. १९४० च्या दशकात ते ऑइलात आलं ते बेअरिंगचं गंजणं थांबवायला. झीज रोखायचा गुण नंतर लक्षात आला. घासणाऱ्या पृष्ठभागावर ते काचेसारखा, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ थर तयार करतं. तो थर झिजतो, पुन्हा बनतो, पुन्हा झिजतो. लोखंड वाचतं.

पण फॉस्फरस धुरातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचला की त्याला निकामी करतो. त्यामुळे नव्या ऑइलांत तो कमी करत आणला गेला. एपीआय संस्थेच्या एसएम (२००४) आणि एसएन (२०१०) दर्जांत कमाल मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. ही बातमी अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांच्या हौशी लोकांकडून आपल्याकडे आली आणि ‘नवं ऑइल जुना कॅम खातं’ असा समज रूढ झाला. बातमीतला अर्धा भाग वाटेत गळला. ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडना लागू आहे. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० या दाट ग्रेडना ती लागू नाही. म्हणजे पद्मिनीला जी ग्रेड लागते तीच घेतली, तर ही अडचण तिथेच निम्म्याहून अधिक संपते. शिवाय तिच्या व्हॉल्व्हवरच्या स्प्रिंगा काही शर्यतीच्या गाडीच्या नाहीत. कॅमवरचा भार बेताचाच आहे.

उरलेली शंका ज्याला छळते त्याने ट्रकवाल्यांच्या ऑइलकडे बघावं. डिझेल इंजिनांसाठीचं सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० पेट्रोल गाडीच्या नव्या ऑइलहून झेडडीडीपीत सहसा सधन असतं, त्यात मळ धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्यंही जास्त असतात, आणि जालना रोडपासून वाळूजपर्यंत ते कुठल्याही दुकानात मिळतं. डब्यामागे सीआय-४ बरोबर एसएल किंवा तत्सम पेट्रोलचा दर्जाही छापलेला आहे ना, एवढं बघून घ्यावं. माझं मत विचाराल तर ठीक अवस्थेतल्या पद्मिनीसाठी पैशाच्या मानाने याहून चांगला सौदा नाही. ते डिझेलचं आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ती मुभा आहेच.

आणि या शहरात एक तिसरी वाटही आहे. २०डब्ल्यू-४० आता कारच्या शेल्फवर कमी, मोटरसायकलच्या शेल्फवर जास्त दिसतं. त्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं असतं. हा जपानी दर्जा ओल्या क्लचच्या दुचाकींसाठी आहे, आणि त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा अशी अट आहे. कारमध्ये बाइकचं ऑइल टाकलं म्हणून इंजिन रुसत नाही. पहिली पसंती मी त्याला देणार नाही, पण आडगावी लेव्हल कमी झाली आणि किराणा दुकानात तेवढंच मिळालं, तर बिनधास्त टाकावं. झेडडीडीपीच्या वेगळ्या बाटल्या मात्र टाळाव्यात. प्रमाणाबाहेर गेलं की ते धातूच्या जिवावर उठतं, आणि बाटलीतल्या थेंबांचा हिशेब आपल्याला कळत नाही.

सिंथेटिकबद्दल थोडक्यात. ते उत्तमच असतं. जास्त उष्णता सोसतं, सावकाश खराब होतं. पूर्वीच्या काही सिंथेटिक ऑइलांनी जुनी सील आक्रसून गळती होते, अशी तक्रार होती. आताच्या ऑइलांत त्यावर तोड काढलेली आहे. पण कॉर्कच्या गॅस्केटवर चाळीस वर्षांचा चिकट मळ बसून जी फट बंद झालेली असते, ती ताज्या ऑइलाने धुऊन मोकळी होते, आणि पोर्चमधल्या फरशीवर डाग दिसू लागतो. हा दोष सिंथेटिकचा नव्हे, गॅस्केटचा. मूळ प्रश्न पैशाचा आहे: सिंथेटिकचा मोठा गुण दीर्घायुष्य, आणि पोर्चमधल्या गाडीत त्या दीर्घायुष्याचा काही उपयोग नाही. कारण तिथे ऑइल म्हातारं होत नाही, ते बाटतं.

त्या बाटण्याकडे आता नीट बघू. जुन्या पुस्तिकांमधले बदलीचे आकडे लहान असत. १९४०-५० च्या दशकांत हजार-दोन हजार मैल ही सर्वसाधारण गोष्ट होती. त्याला कारणं होती. ऑइलात मळ धरून ठेवणारी द्रव्यं नव्हती किंवा जेमतेम होती. विलिस जीपसारख्या इंजिनांत फिल्टर होता, पण त्यातून सगळं ऑइल जात नसे, थोडा वाटाच जाई. पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि गंधक भरपूर होतं. जळल्यावर गंधकाचं आम्ल होई आणि ते ऑइलात उतरे. आज चित्र उलटं आहे. शिसं देशभरातून फेब्रुवारी २००० पासून गेलं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं. स्वस्तातलं आजचं ऑइलही १९६४ च्या महागड्या ऑइलाला मागे टाकेल. मग बदलीचं अंतर खुशाल वाढवावं?

रोज चालणाऱ्या गाडीत, हो. पण एक गोष्ट बदललेली नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतेच. इंजिन पुरतं गरम असेल तर ती ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. इंजिन कोमट असेल तर ती आतल्या थंड धातूवर दव धरते आणि ऑइलात मिसळते. झाकण उघडून बघावं. आतल्या बाजूला ताकावर आलेल्या लोण्यासारखा पिवळट थर असेल तर हेच चाललं आहे. (तोच थर भरपूर असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता आधी तपासावी.) त्या पाण्यात ज्वलनातली आम्लं विरघळतात आणि उभ्या गाडीच्या बेअरिंगवर, कॅमवर महिनोन्‌महिने बसून राहतात. टॅक्सी हे पाणी रोज उकळून टाकत होती.

म्हणून दर रविवारी पोर्चमध्येच दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची ही जी घरोघरची रीत आहे, ती मोडून काढावी. बॅटरीला फार काही मिळत नाही, कार्ब्युरेटर चोक ओढलेला असल्याने जादा पेट्रोल पाजतो, ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलात उतरतं, पाणी तयार होतं आणि इंजिन तापायच्या आत बंद होतं. चालवायची तर नीट चालवावी. पाण्याच्या काट्याला भुलू नये. पाणी गरम झाल्यावरही ऑइल तापायला आणखी बराच वेळ लागतो. शहरातून वेरूळ साधारण तीस किलोमीटर, वाटेत खुलताबादचा चढ. एवढी एक फेरी झाली की ऑइल खऱ्या अर्थाने तापतं आणि आतलं पाणी उडून जातं. उन्हाळ्यात पहाटे निघावं. महिन्यातून अशी एक फेरी दर रविवारच्या दहा मिनिटांपेक्षा किती तरी बरी.

इथे आपल्या मिस्त्र्यांच्या एका लाडक्या उपायाचा हिशेब करायला हवा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हे आपल्याकडे इतकं सर्रास झालं की किती तरी जुन्या गाड्यांच्या मालकांना आपल्या इंजिनात तो नाही हेच माहीत नसतं. काढल्याने जानेवारीत गाडी तापतच नाही, ऑइल सतत कोमट राहतं आणि चेंबरात गाळ साचतो. मेमध्येही गाडी तापायची ती तापतेच, कारण मूळ दुखणं बहुधा तुंबलेल्या रेडिएटरचं असतं. थर्मोस्टॅट परत बसवून घ्यावा. महागडं ऑइल टाकण्याआधी हा खर्च करावा.

अलीकडे एक नवं दुखणं आलं आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि दोन-तीन वर्षांत तेच सर्वत्र झालं. मराठवाड्यातल्या उसाला त्यातून भाव मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला, कॅमवर हलणारा जुन्या पद्धतीचा आहे, आणि त्यातला पडदा इथेनॉल लक्षात घेऊन बनवलेला नाही. जुनं रबर फुगतं, कडक होतं, चिरतं. पडदा फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये गळू लागतं. याची खूण सोपी आहे आणि नेमकी म्हणूनच फसवी: डिपस्टिकवरची लेव्हल वाढते. ऑइल कमी होत नाही म्हणून मालक खूश असतो आणि आत बेअरिंग पातळ झालेल्या ऑइलावर रडत असतात. लेव्हल वाढलेली दिसली की डिपस्टिक हुंगावी. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये. आधी इथेनॉल सोसणारा पडदा, मग नवं ऑइल.

ऑइल काळं झालं म्हणजे संपलं, असं मात्र नाही. काजळी उचलून धरणं हेच चांगल्या ऑइलाचं काम आहे, आणि उन्हाळ्यात पाचशे किलोमीटरमध्ये काळं झालेलं ऑइल प्रामाणिकपणे राबत असतं. खरं बघायचं तर गरम इंजिनातला एक थेंब टीपकागदावर टाकून तासभर ठेवावा. मधला डाग हळूहळू फिकट होत बाहेर पसरला तर ऑइलात जीव आहे. मधोमध काळाकुट्ट ठिपका राहून त्याची कडा ठळक उमटली, तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली. बाहेर रुंद, फिकट वर्तुळ पसरलं तर पेट्रोलचा संशय घ्यावा.

एवढं सगळं लक्षात घेतलं तर बदलीचा हिशेब असा पडतो: वर्षातून एकदा, किंवा चार हजार किलोमीटरला, जे आधी येईल ते. गाडी धुळीच्या कच्च्या रस्त्याने शेतावर जात असेल तर तीन हजार. काळ्या मातीची धूळ एअर क्लीनरमधून गळून आत गेली की तिच्यातले कण रिंगांना घासतात. ज्या गाड्यांना ऑइल बाथ एअर क्लीनर आहे त्यांनी त्या भांड्यातलं ऑइलही विसरू नये. आणि नव्याने काम काढलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला सोडावं, त्यात बारीक लोखंड असतं.

वर्षातून एकदा म्हणजे कधी, याचं उत्तर सुरुवातीलाच दिलं. बहुतेक घरांत ते दसऱ्याला होतं: गाडी धुतात, हार घालतात, ऑइलही तेव्हाच बदलतात. पूजा दसऱ्यालाच करावी. पण जून ते सप्टेंबर गाडी उभी राहते, हवेत ओल असते, आणि पोटात वर्षभराची आम्लं घेतलेलं ऑइल असतं. दसऱ्याला आपण ते ऑइल बदलतो तेव्हा त्याचं वाईट काम करून झालेलं असतं. मेच्या अखेरीस वेरूळची फेरी करावी, परत येताच गरम असताना चेंबरचा नट सोडावा, नवा वायसर आणि फिल्टर घालावा, नवं ऑइल भरून पाच मिनिटं इंजिन फिरवावं आणि मगच गाडीवर कव्हर चढवावं. मग पावसाळाभर बेअरिंगवर ताजं ऑइल बसलेलं असतं.

गरम असताना सोडण्याचं कारण म्हणजे तरंगता मळ ऑइलाबरोबर बाहेर येतो. तळाशी घट्ट बसलेला गाळ येत नाही. वीस वर्षं उभी असलेली गाडी विकत घेतली असेल तर ‘फ्लशिंग ऑइल’ टाकून तो एकदम सोडवायच्या फंदात पडू नये. सुटलेले तुकडे ऑइल पंपाची जाळी बुजवतात. चेंबर खाली उतरवून हाताने, रॉकेलने साफ करावा. जाळीही तेव्हाच दिसते. नंतरचं पहिलं ऑइल स्वस्तातलं टाकून हजार किलोमीटरच्या आत काढून टाकावं.

डबा विकत घेताना सील आणि झाकण नीट बघावं, बिल घ्यावं, आणि रिकामा डबा कुणाला देण्याआधी लेबल फाडून झाकण चिरावं. जळकं ऑइल गाळून जुन्या डब्यात भरणाऱ्यांना आपला चांगला डबा हाच कच्चा माल असतो.

आणि निघालेल्या तीन-चार लिटर जळक्या ऑइलाचं काय करायचं? गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाच्या खांबांना, दारांच्या चौकटींना फासतात. अंगणात धूळ बसावी म्हणून शिंपडणारेही आहेत. त्यात जळलेल्या पेट्रोलची विषारी कर्बसंयुगं असतात आणि झिजलेला धातू असतो. ते मातीत मुरतं, पावसात नाल्याला लागतं आणि खाम नदीत जातं. सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. मोठ्या गॅरेजांत यासाठी ड्रम ठेवलेला असतो आणि परवानाधारक पुनर्शुद्धीकरणवाले तो उचलतात. घरी ऑइल बदललंत तर ते पाणी किंवा कूलंट न मिसळता एका कॅनमध्ये भरून त्या ड्रममध्ये ओतून यावं. जुना फिल्टरही रात्रभर उलटा ठेवला की वाटीभर ऑइल त्यातून निथळतं, तेही त्याच कॅनमध्ये.